कर्ज विकले गेले. हप्ता कोणाच्या खात्यात जातो?

२०१९ च्या ऑक्टोबरात डीएचएफएलचे, म्हणजे दिवाण हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशनचे, हजारो गृहकर्जदार नेहमीप्रमाणे हप्ते भरत होते. त्यातली बरीच कर्जे कंपनीने आधीच विकली होती. काही थेट बँकांनी घेतली होती, काही ट्रस्टमध्ये घातली गेली होती आणि त्या ट्रस्टची प्रमाणपत्रे गुंतवणूकदारांकडे होती. कर्ज विकल्यावर ते कंपनीच्या ताळेबंदातून बाहेर पडते आणि त्यावरचा हप्ता विकत घेणाऱ्याचा होतो, असे कागद सांगतो. तरीही त्या काळात ट्रस्टना आणि बँकांना पैसे पोचेनात. डीएचएफएलचे रोखे घेतलेल्या एका म्युच्युअल फंड कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला होता आणि न्यायालयाने कंपनीला देणेकऱ्यांचे पैसे चुकते करण्यास मनाई केली होती. विकलेल्या कर्जांचे हप्तेही कंपनीच्याच खात्यात येत असल्यामुळे तेही त्या मनाईत अडकले.

पुढे न्यायालयाने या रकमा ज्याच्या त्याला देण्याची मुभा दिली. २० नोव्हेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले, डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये पिरामल समूहाने ती घेतली. कायद्याच्या पुस्तकात या प्रकरणाची नोंद ‘विक्री टिकली’ अशी होईल, आणि ती खरीही आहे. पण कर्जदार वेळेवर पैसे भरत असताना ते पैसे ज्याच्या मालकीचे त्याला न मिळणे, हा प्रकार मुळात घडूच कसा शकला, या प्रश्नाकडे त्यानंतर म्हणावे तसे लक्ष गेले नाही. आपली सगळी नियमावली कर्ज विकले जाते त्या एका दिवसावर पहारा देते. त्यानंतरची तीन, सात, वीस वर्षे, ज्यात दर महिन्याला खरा पैसा हलतो, ती बरीचशी करारावर आणि सवयीवर सोडलेली आहेत. कर्जांचा गठ्ठा ट्रस्टला विकून त्यावर गुंतवणूकदारांना प्रमाणपत्रे देण्याच्या पद्धतीतला, म्हणजे सिक्युरिटायझेशनमधला, मोठा धोका आज तिथे आहे आणि सुधारणाही तिथेच हवी.

एक नमुन्याचा व्यवहार मांडून पाहू. जुन्या ट्रकसाठी कर्ज देणाऱ्या एका एनबीएफसीने, म्हणजे बँक नसलेल्या वित्तकंपनीने, २,००० कर्जे निवडली. प्रत्येकी सरासरी ५ लाख रुपये येणे, व्याज १५ टक्के, सरासरी ३६ हप्ते बाकी. एकूण पूल, म्हणजे कर्जांचा गठ्ठा, १०० कोटींचा. या पूलमधून महिन्याला येणे होते सुमारे ३ कोटी ४७ लाख: पहिल्या महिन्यात त्यातले १ कोटी २५ लाख व्याज आणि उरलेले सुमारे २ कोटी २२ लाख मुद्दल. हा पूल एनबीएफसी एका ट्रस्टला विकते. ट्रस्ट ९० कोटींची प्रमाणपत्रे काढतो, ज्यांना बाजारात सगळे पीटीसीच म्हणतात, आणि ती ९ टक्के व्याजाने बँकेला किंवा फंडाला देतो. उरलेला १० कोटींचा हिस्सा कनिष्ठ, म्हणजे पैसे सगळ्यांच्या शेवटी मिळणारा, म्हणून मूळ कंपनीकडेच राहतो. शिवाय ५ कोटींची मुदतठेव कॅश कोलॅटरल म्हणून, म्हणजे वसुली कमी पडली तर वापरायला, ट्रस्टच्या नावे बाजूला काढली जाते.

आता बचावाची ताकद मोजू. बँकेला पहिल्या महिन्यात व्याज द्यायचे आहे साडेसदुसष्ट लाख, मुद्दल २ कोटी २२ लाख, मिळून सुमारे २ कोटी ८९ लाख. येणे आहे ३ कोटी ४७ लाख. ट्रस्टीची आणि वसुलीची फी बाजूला ठेवली, तर १०० रुपये येणे असताना ८४ रुपये आले तरी बँकेचे सगळे भागते आणि मुदतठेवीला हातही लावावा लागत नाही. पतमानांकन संस्था त्या कंपनीच्या जुन्या कर्जांची थकबाकी महिन्यामागून महिना तपासते, वाईटात वाईट काळ धरते आणि मग असे बचावाचे थर किती जाड असावेत ते ठरवते. म्हणून स्वतः कंपनीचे मानांकन बेताचे असताना तिच्या पूलला मात्र बरेच वरचे मानांकन मिळते. छोट्या ट्रकमालकाला, म्हशी पाळून डेअरीला दूध घालणाऱ्याला, किराणा दुकानदाराला मिळणाऱ्या कर्जामागे आज हा पैसा असतो. प्राधान्य क्षेत्राचे, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशांना ठरावीक कर्ज देण्याचे, उद्दिष्ट गाठायला बँकांना अशी कर्जे हवी असतात आणि एनबीएफसीला स्वस्त पैसा. आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी २०१८ च्या सप्टेंबरात बुडाली आणि एनबीएफसींना कोणी साधे कर्ज देईना, तेव्हा पूल विकूनच अनेकींनी दिवस काढले. ही व्यवस्था चांगली आहे, टिकली पाहिजे, वाढली पाहिजे. २०२४-२५ मध्ये अशा विक्रीचा आकडा २ लाख ३० हजार कोटींच्या घरात गेला.

हे सगळे गणित एकाच धोक्याचे आहे: कर्जदाराने हप्ता चुकवला तर काय. दुसरा धोका असा, की कर्जदाराने हप्ता भरला, पण मधल्याने पुढे दिला नाही. कर्ज विकले तरी वसुली मूळ कंपनीच करते. ती आता मालक नसून सर्व्हिसर असते. जुलैच्या ५ तारखेला कर्जदाराच्या खात्यातून हप्ता वळता होतो आणि कंपनीच्या नेहमीच्या खात्यात पडतो. तिथे विकलेल्या, न विकलेल्या, दुसऱ्या ट्रस्टला विकलेल्या सगळ्या कर्जांचे हप्ते एकत्र असतात. महिनाअखेर हिशेब होतो आणि बऱ्याच व्यवहारांत जुलैची वसुली ट्रस्टच्या खात्यात जाते ती ऑगस्टच्या मध्यावर, गुंतवणूकदारांच्या देय तारखेच्या तोंडावर. म्हणजे पैसे पुढे जाण्याआधी एक ते दीड महिन्याची वसुली सर्व्हिसरकडे पडून असते. आपल्या उदाहरणात ही रक्कम साडेतीन ते सव्वापाच कोटी भरते. मुदतठेव आहे ५ कोटींची. दोन हजार कर्जदारांच्या तीन वर्षांच्या थकबाकीसाठी मोजूनमापून ठेवलेली ठेव एका सर्व्हिसरच्या एका वाईट महिन्यात संपू शकते, आणि तीही एकाही कर्जदाराने हप्ता चुकवलेला नसताना. नियमित कर्जे जितकी जास्त आणि वसुली जितकी चोख, तितकी अडकणारी रक्कम मोठी.

याचे मूळ १८८२ च्या दोन कायद्यांत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० प्रमाणे येणे रकमेचा हक्क लेखी दस्ताने विकता येतो आणि कर्जदाराला कळवले नाही तरी विक्री वैध असते. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की कर्जदाराला स्पष्ट सूचना मिळेपर्यंत त्याने जुन्या धनकोशी केलेला व्यवहार नव्या धनकोवरही बंधनकारक असतो. म्हणजे ज्याला काही सांगितलेच नाही अशा कर्जदाराने मूळ कंपनीला हप्ता दिला, की तो मोकळा. हे न्याय्यच आहे. मधल्याने पैसे अडकवले तर नुकसान विकत घेणाऱ्याचे. सिक्युरिटायझेशनमध्ये कर्जदाराला सांगायचे नाही हा रिवाज असल्यामुळे हा धोका जवळपास प्रत्येक व्यवहारात जन्मापासूनच असतो.

दुसरा कायदा भारतीय न्यास कायदा. विश्वस्ताने ट्रस्टची मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेत मिसळली, तर लाभार्थ्याला त्या सगळ्या मिसळलेल्या निधीवर बोजा मागता येतो, असे त्याचे कलम ६६ सांगते. वित्तीय सेवा कंपन्यांच्या दिवाळखोरीसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या नियमांतही, कंपनीच्या ताब्यात असलेली पण दुसऱ्यासाठी विश्वासाने धरलेली मालमत्ता दिवाळखोरीच्या काळात धनकोंना रोखणाऱ्या स्थगितीतून वगळली आहे. कागदावर बचाव आहे. प्रत्यक्षात मिसळलेल्या खात्यातला कोणता रुपया कोणत्या ट्रस्टचा हे दाखवायला हिशेबनीस बसवावे लागतात, तोवर खात्यातून इतर देणी गेलेली असतात, आणि बोजा सांगायला खात्यात काही उरले पाहिजे. न्यायालयात जिंकून सहा महिन्यांनी मिळालेला पैसा गुंतवणूकदाराच्या कामाचा असतो, पण ‘वेळेवर व्याज, वेळेवर मुद्दल’ असे वचन देऊन विकलेल्या प्रमाणपत्राच्या दृष्टीने तो चुकलेलाच असतो.

गृहकर्जात आणखी एक गाठ आहे, आणि ती वकिलांबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. कलम १३० लागू होते ते ‘दावायोग्य हक्का’ला, आणि त्याच कायद्याच्या कलम ३ मधल्या व्याख्येतून स्थावर मालमत्तेच्या गहाणाने किंवा जंगम मालाच्या तारणाने सुरक्षित असलेले कर्ज वगळले आहे. घर गहाण ठेवून दिलेले कर्ज विकणे म्हणजे स्थावरातला हक्क विकणे. त्याला नोंदणी लागते आणि मुद्रांक शुल्क लागते, तेही राज्याराज्यात वेगळे. महाराष्ट्राने सिक्युरिटायझेशनच्या दस्तावर शुल्क ०.१ टक्क्यावर आणले आणि त्याला १ लाखाची कमाल मर्यादा घातली. ५०० कोटींच्या पूलवर मर्यादेशिवाय ५० लाख लागले असते. मुंबईत सही करण्यामागे हेही एक कारण असते. नोंदणी टाळण्यासाठी नेहमीची तोड अशी, की कायदेशीर मालकी आणि खरेदीखतांचा ताबा मूळ कंपनीकडेच ठेवायचा आणि लाभाचा हक्क तेवढा ट्रस्टकडे द्यायचा. तोड चालते. पण तिच्यामुळे मूळ कंपनीवरचे अवलंबन आणखी वाढते: पैसा तिच्या खात्यात, कागद तिच्या तिजोरीत, कर्जदाराशी बोलणे तिच्या कर्मचाऱ्यांचे.

२००२ च्या ज्या कायद्याच्या नावातच सिक्युरिटायझेशन आहे, तो सरफेसी, इथे जवळपास उपयोगाचा नाही. त्यातली व्याख्या थकीत कर्जे विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांभोवती फिरते आणि प्रत्यक्षात तो ओळखला जातो साठ दिवसांच्या नोटिशीसाठी आणि ताबा घेण्यासाठी. रोजच्या नियमित कर्जांचे ट्रस्ट त्याच्या कक्षेबाहेर, साध्या न्यास कायद्यावर उभे आहेत. विक्री खरी केव्हा मानावी हे सांगणारे एकही कलम संसदेने केलेले नाही. प्रत्येक व्यवहारात वकिलांचे मत घेऊन काम चालवावे लागते.

कागद ढिले राहिले की काय होते हे अमेरिकेने पाहिले आहे. २००८ च्या संकटाची चर्चा आपण नेहमी बेजबाबदार कर्जवाटपापाशी थांबवतो. त्याचा दुसरा अंक वसुलीचा होता. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये इबानेझ खटल्यात दोन ट्रस्टनी केलेले घरांचे लिलाव रद्द ठरवले, कारण लिलावाच्या वेळी गहाणाचे हस्तांतरण आपल्याकडे झाले होते हे ट्रस्टना दाखवता आले नाही. पूल विकला गेला होता, प्रमाणपत्रे जगभर गेली होती, पण त्या विशिष्ट घराचा कागद साखळीत कुठेतरी राहिला होता. वाचल्याशिवाय शपथपत्रांवर सह्या करून घरे जप्त करण्याबद्दल पाच मोठ्या सर्व्हिसरनी २०१२ मध्ये ४९ राज्यांशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. तिथे एक गोष्ट मात्र बाजाराने आपणहून पक्की केली होती: बहुतेक करारांत ओळख पटलेली वसुली कामकाजाच्या दोन दिवसांत ट्रस्टच्या खात्यात टाकायची असते, आणि पैसे महिनाभर वापरण्याची सवलत मिळालीच तर ती वरच्या मानांकनाच्या सर्व्हिसरला, मानांकन घसरले की संपणारी.

रिझर्व्ह बँकेने अमेरिकेकडून विक्रीच्या दिवसाचे धडे नीट घेतले, किंबहुना बरेच आधी घेतले. २००६ च्या सूचना, २०१२ ची दुरुस्ती आणि सप्टेंबर २०२१ चे निर्देश अशी ही चढती मालिका आहे. कर्ज देऊन लगेच विकता येत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या कर्जासाठी तीन महिने आणि त्याहून लांब मुदतीसाठी सहा महिने ते स्वतःकडे ठेवावे लागते. चोवीस महिन्यांपर्यंतच्या कर्जांत ५ टक्के आणि पुढच्यांत १० टक्के जोखीम विकणाऱ्याने अंगावर ठेवायची. गृहकर्जांना मात्र मुदत कितीही असली तरी ५ टक्केच. पीटीसींचे पुन्हा पीटीसी बनवणे बंद, कर्ज न विकता नुसती जोखीम विकणे बंद. विकणाऱ्याचा एकूण सहभाग २० टक्क्यांच्या वर नको. हे नियम शहाणपणाचे आहेत आणि कुजकी कर्जे बांधून खपवण्याचा प्रकार इथे मूळ धरू शकला नाही यात त्यांचा मोठा वाटा आहे.

वसुलीबद्दल काय? सर्व्हिसरने येणारे पैसे गुंतवणूकदारांच्या वतीने विश्वासाने धरावेत आणि स्वतःच्या पैशात मिसळणे टाळावे, हे २००६ च्या सूचनांतच लिहिलेले आहे. टाळावे, पण किती तासांत? कोणत्या खात्यात? कोणी तपासायचे? न टाळल्यास काय? ज्या नियमाला घड्याळ नाही तो करारात हवा तसा वाकतो. विकणाऱ्याला महिनाभर बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो, बँकेला त्याबदली पाव-अर्धा टक्का व्याज घासाघीस करून वाढवून मिळते आणि ट्रस्टीची फी इतकी कमी असते की रोजचा हिशेब मागण्याचे बळ त्याच्यात नसते. कोणालाच आज तोटा दिसत नाही.

मिसळलेल्या खात्याचा आणखी एक दोष आहे आणि तो मला दिवाळखोरीपेक्षाही गंभीर वाटतो. त्यामुळे पूलची तब्येत कळत नाही. समजा नोटाबंदीनंतरचे महिने आहेत. विदर्भातल्या सूक्ष्मकर्जांची वसुली त्या काळात झपाट्याने घसरली होती. एखाद्या कंपनीच्या विकलेल्या पूलमध्ये १०० पैकी ७० रुपयेच आले. मानांकन उतरले तर पुढचा पूल विकला जाणार नाही, म्हणून ती उरलेले स्वतःच्या खिशातून घालून १०० पाठवते. नियमांना हे मान्य नाही. करारात नसलेला असा छुपा टेकू दिला तर विकलेल्या सगळ्या कर्जांवर भांडवल राखावे लागते. पण पैसा जर कंपनीच्याच मोठ्या खात्यातून एकरकमी येत असेल, तर त्यात कर्जदाराचे किती आणि कंपनीचे किती हे बाहेरच्याला कळणार कसे? मानांकन संस्था मग त्याच सजवलेल्या आकड्यांवर पुढच्या पूलची मुदतठेव ठरवते. चुकीचा आकडा एका व्यवहारापुरता राहत नाही, तो पुढच्या प्रत्येक व्यवहाराच्या पायात जातो.

आणि सर्व्हिसर खरोखरच बंद पडला तर? करारात ‘पर्यायी सर्व्हिसर’ असे एक कलम असते. गृहकर्जाचे काम दुसऱ्याने उचलणे कष्टाचे असले तरी शक्य असते, कारण हप्ता बँकेतून वळता होतो. सूक्ष्मकर्जात ओळखीचा माणूस आठवड्याला गावात येतो म्हणून हप्ता येतो. २०१० च्या ऑक्टोबरात आंध्र सरकारच्या सूक्ष्मकर्जांवरच्या अध्यादेशानंतर तिथली वसुली कोसळली, तेव्हा कंपन्या उभ्या होत्या, कर्मचारी होते, तरीही पैसा येईना. जिथे कंपनीच नाही तिथे दुसऱ्या शहरातल्या कंपनीचे नाव करारात असून काय होणार, जर तिच्याकडे कर्जदारांचे ताजे पत्ते, फोन आणि हप्त्यांची यादीही नसेल?

आता कर्जदाराकडे वळू, कारण या सगळ्या करारांत सही नसलेला पक्ष तोच आहे. कर्ज घेताना त्याने जे पंचवीस-तीस पानी कागद सही केले त्यात ‘हे कर्ज कोणालाही विकण्यास माझी संमती आहे’ असे वाक्य असते. पुढे कर्ज विकले गेले तर त्याला बहुधा काहीच कळत नाही. हप्ता तोच, ॲप तेच, शाखा तीच. अडचण नसताना हे बरेच आहे. अडचण आली की भिंत लागते. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तीन महिन्यांची, मग ऑगस्टअखेरपर्यंतची हप्तेसवलत जाहीर केली. स्वतःच्या कर्जावर ती द्यायची की नाही हे कंपनी ठरवू शकत होती. विकलेल्या कर्जावर मालक ट्रस्ट होता आणि पीटीसीचे वेळापत्रक आखलेले होते. ट्रस्टीमार्फत गुंतवणूकदारांकडे संमती मागत बसावे लागले, आणि मधल्या काळात अनेक ठिकाणी मुदतठेवींना हात लागला. एकाच दिवशी, एकाच शाखेतून, एकाच दराने कर्ज घेतलेल्या दोन शेजाऱ्यांच्या बाबतीत निर्णय घेणारे वेगळे होते आणि दोघांनाही ते माहीत नव्हते.

हेच दर कमी करून मागताना, मुदत वाढवून मागताना, एकरकमी तडजोड मागताना होते. शाखेतला माणूस ‘वरून मंजुरी येत नाही’ म्हणतो, आणि हे वर म्हणजे कोण, हे त्यालाही ठाऊक नसते. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मालमत्तेचे कागद परत न केल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतील, असा चांगला नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला. पण कागद कोणाकडे आहेत हे कर्जदाराला आधी कळले, तरच त्याला ते योग्य दारात मागता येतील.

वसुलीचा पैसा वेगळा ठेवणे अवघड आहे, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही, कारण रिझर्व्ह बँकेने शेजारच्या दोन व्यवहारांत नेमके तेच सक्तीचे केले आहे. २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या सूचनांत कर्जाचे पैसे आणि हप्ते ॲपवाल्या मध्यस्थाच्या खात्यातून फिरवायला बंदी घातली; ते थेट कर्जदार आणि परवानाधारक संस्था यांच्यात जायला हवेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सहकर्जाचे निर्देश आले. दोन संस्था मिळून कर्ज देतात तेव्हा त्यांच्यातले व्यवहार बँकेतल्या एस्क्रो, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येतील अशा, खात्यातूनच व्हावेत आणि कोणाची काय भूमिका आहे हे कर्जदाराला करारातच सांगावे, असे त्यात आहे. ८० टक्के हिस्सा बँकेने पहिल्याच दिवशी घेतला तर एस्क्रो सक्तीचे, आणि सहा महिन्यांनी ९० टक्के हिस्सा ट्रस्टने घेतला तर मात्र ‘मिसळणे टाळावे’, यात तर्क कोणता?

आक्षेप आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला, ई-मँडेट (खात्यातून हप्ता वळता करण्याची कर्जदाराची संमती) मूळ कंपनीच्या नावाने असतो आणि कर्ज विकल्यावर हजारो कर्जदारांकडून नवा घेणे अशक्य आहे. तसे करण्याची गरजच नाही. प्रत्येक मँडेटला स्वतःचा संदर्भ क्रमांक असतो, ज्याला यूएमआरएन म्हणतात. पूलमधल्या कर्जांचे क्रमांक हप्ते वळते करणाऱ्या प्रायोजक बँकेला दिले, की त्या दिवशी वळते झालेल्या हप्त्यांपैकी ट्रस्टचे कोणते हे त्याच संध्याकाळच्या फाइलवरून वेगळे काढता येतात. यूपीआयने भरणाऱ्यांसाठी प्रत्येक कर्जाला आभासी खाते क्रमांक देण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आजही आहे. दुसरा आक्षेप रोख वसुलीचा, आणि तो रास्त आहे. गावातल्या बैठकीत जमलेले पैसे शाखेत यायला, मोजायला, नोंदायला वेळ लागतो. तिथे दोनाऐवजी तीन-चार दिवस द्यावेत. महिना देण्याचे कारण नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. महिनाभराचा बिनव्याजी पैसा गेल्यावर छोट्या एनबीएफसीचा खर्च थोडा वाढेल, हे खरेच आहे. पण मिसळण्याचा धोका गेला की मुदतठेव कमी लागेल. ५ कोटी अडकवून ठेवण्याऐवजी समजा ४ कोटींत भागले, तर एक कोटी धंद्यात परत येतो. हा हिशेब मानांकन संस्थांनी उघड मांडावा. एस्क्रो असलेल्या आणि नसलेल्या पूलला किती ठेव लागते हे आकड्यात दिसले, की बरेच काम नियमाशिवायही होईल.

घाई करण्याचे कारणही आहे. मे २०२५ मध्ये एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या गृहकर्जांवरची १,००० कोटींची प्रमाणपत्रे राष्ट्रीय शेअर बाजारात सूचीबद्ध झाली, मुदत सुमारे २० वर्षे. त्याच वर्षी एप्रिलपासून सिक्युरिटायझेशन ट्रस्टच्या उत्पन्नावरची उद्गम करकपात (टीडीएस) २५-३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. दरवाजे उघडत आहेत आणि विमा, भविष्यनिर्वाह निधी यांचा लांब मुदतीचा पैसा आत येईल. तीन वर्षांच्या ट्रकच्या पूलमध्ये सर्व्हिसर टिकेल अशी पैज लावता येते. वीस वर्षांच्या गृहकर्जात मूळ कंपनी विकली जाणे, विलीन होणे, डबघाईला येणे हे गृहीतच धरावे लागते.

म्हणून मागणी अशी. डिजिटल वसुली कामकाजाच्या दोन दिवसांत ट्रस्टच्या खात्यात गेलीच पाहिजे आणि ती तारीख ट्रस्टीने नव्हे, खाते असलेल्या बँकेने प्रमाणित करावी. सर्व्हिसरचे मानांकन ठरावीक पायरीखाली गेले, की वसुलीचे नियंत्रण ट्रस्टीकडे आपोआप जावे; त्यासाठी गुंतवणूकदारांची सभा बोलावत बसण्याची वेळ येऊ नये. पर्यायी सर्व्हिसरला दर महिन्याला कर्जनिहाय यादी मिळावी आणि वर्षातून एकदा त्याने ती आपल्या प्रणालीत चालवून दाखवावी. त्या याद्या, कर्जदाराची ओळख काढून, गुंतवणूकदारांनाही मिळाव्यात, म्हणजे छुपा टेकू लपणार नाही. संसदेने मालमत्ता हस्तांतरण कायद्यात किंवा वेगळ्या छोट्या कायद्यात तारणासह कर्जाची विक्री केव्हा पूर्ण होते हे एकदा लिहावे आणि केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत, केलेली नोंद त्याला पुरेशी मानावी.

कर्जदाराला एक पानी पत्र जावे, मराठीत, कन्नडमध्ये, तो वाचतो त्या भाषेत. त्यात कर्जाचा क्रमांक, ट्रस्टचे आणि ट्रस्टीचे नाव, मुदतवाढ किंवा तडजोडीचा निर्णय कोण घेणार आणि किती दिवसांत, घराचे कागद कुठे ठेवले आहेत, एवढे असावे. पत्र कायदेशीर सूचना ठरून कर्जदारच अडचणीत येऊ नये, म्हणून आणखी एक वाक्य त्यात हवेच: पुढील लेखी सूचना मिळेपर्यंत आपण नेहमीच्या पद्धतीने भरलेला हप्ता ट्रस्टला पोचला असे मानले जाईल, मग मधल्या कोणी तो पुढे पाठवो वा न पाठवो.